पाच वर्षांची डायरी: बहाव्याच्या नोंदींसाठी वापरून पाहिली

मागच्या आठवड्यात या डायरीचं शेवटचं पान भरलं, म्हणून आता लिहिते. एका पानावर एकच तारीख आणि तिच्याखाली पाच वर्षांचे पाच कप्पे, प्रत्येकात चार ओळी. मी घेतली ती खिडकीसमोरच्या बहाव्यासाठी. तो दर वर्षी त्याच सुमाराला फुलतो की पुढेमागे होतो, एवढंच मला बघायचं होतं.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. पहिलं फूल दिसलं त्या दिवशी हौसेने लिहिलं, बाकी पानं कोरी. दुसऱ्या वर्षी पहिलं फूल आलं ते वेगळ्याच पानावर! तारखेवार पानं असल्यामुळे जी गोष्ट सरकते, ती पानावरूनच निसटते आणि ताडून बघायला काही राहत नाही. शिवाय 'पहिलं' हा शब्दच फसवा. कोकिळेची पहिली हाक कधी नोंदली जाते, हे मी त्या पहाटे जागी होते का यावरही ठरतं.

मग पद्धत बदलली. दर महिन्याच्या १, ८, १५ आणि २२ तारखेला झाडाखाली जायचं आणि पालवी, कळ्या, फुलं, शेंगा यांपुढे 'नाही', 'थोडं' किंवा 'भरपूर' लिहायचं. 'नाही' लिहायचा कंटाळा येतो, पण तो टाळू नका. फुलण्याचा खरा दिवस शेवटचं 'नाही' आणि पहिलं 'थोडं' यांच्या मधेच असतो. आज १५ एप्रिलचं पान उघडलं की खालोखाल दिसतं: पहिला कप्पा कोरा, मग कळ्या भरपूर, फुलं थोडी, कळ्याच नाहीत, फुलं भरपूर. या डायरीची सगळी किंमत त्या एका पानात आहे.

एवढ्यावरून बहावा लवकर फुलू लागला, असं मी म्हणणार नाही. हवामानाची सरासरी ३० वर्षांवर काढतात. माझ्या चार नोंदींत एखाद्या वर्षाचा लहरी उन्हाळाही असणार. पण चिकाटीने लिहिलेल्या ओळी कुठवर पोचतात ते पाहा. जपानमधल्या क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२पासूनच्या आहेत. त्या दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्यांतून गोळा झाल्या. त्यांच्या आधारेच कळलं की २०२१मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता.

सगळंच सारखं सरकलं असतं तर मला इतकी काळजी वाटली नसती. पाइड फ्लायकॅचर हा छोटा पक्षी आफ्रिकेतून युरोपात येतो. निघायची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो आणि ती लांबी बदललेली नाही. युरोपात मात्र आता ऊब लवकर येते, पालवी लवकर फुटते, तिच्यावरच्या अळ्याही लवकर येऊन संपतात आणि पिल्लं चोच उघडतात तेव्हा अळ्या सरलेल्या असतात. नेदरलँड्समध्ये जिथे अळ्यांचा हंगाम सर्वांत आधी येतो, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले. हे वाचल्यापासून मी बहाव्याखाली अळ्याही बघते. चार ओळी अपुऱ्या पडतात त्या तिथेच.

कागद पातळ आहे, शाईचं पेन मागच्या पानावर उमटतं, पेन्सिलच वापरा. शिवण पक्की, पाच वर्षांत एक पान सुटलं नाही. मागे कोरी पानं मात्र द्यायलाच हवी होती, तापमानाचा तक्ता मला चिकटवावा लागला.

पाचपैकी चार तारे. दुसरी मागवली आहे. इंग्लंडात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६मध्ये सुरू केलेल्या वसंताच्या नोंदी त्यांच्या घराण्याने १९५८पर्यंत चालवल्या. म्हणून या वेळी पहिल्याच पानावर झाड नेमकं कोणतं आणि कुठे उभं राहून बघायचं, ते भाचीसाठी लिहून ठेवणार आहे. तिला तसं सांगितलंही आहे.