गेटला एक, स्टॉलला दुसरा: प्रदर्शनासाठी बिनतारी बारकोड स्कॅनर निवडताना

स्कॅनर विकणारा आधी रेंज सांगतो. 'शंभर मीटरपर्यंत चालतो.' ते खोटं नसतं. क्लास 1 ब्लूटूथ मोकळ्या जागेत तेवढी मजल मारू शकतं. पण गेटवरचा टॅबलेट स्कॅनरपासून दोन हातांवर ठेवलेला असतो, मग शंभर मीटरचं करायचं काय? त्याला विचारावं ते हे: पाहुण्याच्या बॅजवरचा कोड वाचून बीप वाजल्यावर ती नोंद आधी कुठे जाऊन बसते? स्कॅनरच्या पोटात, शेजारच्या टॅबलेटमध्ये, की थेट सर्व्हरवर? बाकीची माहितीपत्रकं नंतर वाचली तरी चालतात.

ब्लूटूथ स्कॅनर आणि टॅबलेट

सगळ्यात जास्त दिसणारी आणि खिशाला हलकी जोडी. हा स्कॅनर बहुतेक वेळा 'एचआयडी' मोडमध्ये, म्हणजे कीबोर्ड बनून जोडला जातो. बारकोड वाचायचा आणि कुणी टाइप केल्यासारखा पुढे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे तो कुठल्याही अ‍ॅपमध्ये चालतो आणि त्यामुळेच घोळही घालतो. कर्सर भलत्या रकान्यात असला की बॅजचा क्रमांक आडनावाच्या जागी जाऊन पडतो.

एकदा नोंदणीच्या टेबलावर स्कॅनर छान बीप करत होता, हिरवा दिवा लागत होता, पण बॅज सापडत नव्हता. आमचे क्रमांक इंग्रजी कॅपिटल 'ई' आणि 'एक्स' या अक्षरांनी सुरू व्हायचे. पडद्यावर प्रत्येक वेळी उमटत होतं 'आँ'. रांग वाढत चाललेली आणि यंत्र आम्हालाच 'आँ?' विचारतंय. दोन स्कॅनर बदलले, मग लक्षात आलं: पाहुण्यांची नावं लिहायला कुणीतरी कीबोर्ड देवनागरी इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर नेला होता. एचआयडी स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली ते पाठवतो. त्या मांडणीत शिफ्ट धरून 'ई' दाबलं की 'आ' आणि 'एक्स' दाबलं की चंद्रबिंदू येतो.

म्हणून ब्लूटूथच घ्यायचं तर 'एसपीपी' मोडमध्ये (कीबोर्ड न बनता सिरीयल जोडणीतून) किंवा उत्पादकाच्या एसडीकेमधून, म्हणजे त्याने दिलेल्या सॉफ्टवेअर संचातून, थेट अ‍ॅपशी बोलणारी व्यवस्था मागा. आयपॅडवर साधा एसपीपी चालत नाही. तिथे एमएफआय, म्हणजे अ‍ॅपलने प्रमाणित केलेला, किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला स्कॅनर लागतो. गर्दीत मात्र हे तंत्र बऱ्यापैकी तग धरतं, कारण क्लासिक ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा चॅनेल बदलत राहतं.

मेमरी स्कॅनर

हा नोंदी वेळेसकट स्वतःकडे साठवतो आणि संध्याकाळी त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या. नेटवर्क असो वा नसो, याला फरक पडत नाही. चर्चासत्राच्या दाराशी 'कोण येऊन गेलं' एवढंच मोजायचं असेल तर याच्याइतकं निर्धोक काही नाही. मात्र हा कुणाला अडवू शकत नाही. रद्द झालेला बॅज आणि खरा बॅज, त्याला दोन्ही सारखेच. आणि सकाळी सगळ्या स्कॅनरची घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर अहवालात एकच माणूस एकाच वेळी दोन दालनांत बसलेला दिसतो.

वायफाय हँडहेल्ड

अँड्रॉइडवर चालणारं, आत स्कॅन इंजिन असलेलं हे यंत्र थेट सर्व्हरला विचारतं: हा बॅज खरा का, आधी वापरला का, या दालनाचे पैसे भरलेत का? गेटवर हेच हवं असतं. पण वायफायचा प्रदर्शनातला स्वभाव वेगळा असतो. 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं जेमतेम तीन, 1, 6 आणि 11. त्यात प्रत्येक स्टॉल स्वतःचा हॉटस्पॉट घेऊन येतो. शिवाय माणसाच्या शरीरातलं पाणी ही लहर शोषून घेतं. आदल्या रात्री रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी म्हणून फसवी ठरते. गेटजवळ स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट 5 गिगाहर्ट्‌झवर ठेवा आणि नावांची यादी प्रत्येक यंत्रात उतरवून ठेवलीच पाहिजे, हे करारातच घाला.

मोबाइल अ‍ॅप

गेटवर नको. कॅमेरा फोकस शोधत बसतो, आणि गेटवर सेकंदांचा हिशेब असतो: माणशी 3 सेकंद लागले तर एका रांगेतून अर्ध्या तासात 600 जण आत जातात, 5 लागले तर 360. स्टॉलवर मात्र माझं मत सरळ मोबाइलच्या बाजूने आहे. तिथे स्कॅननंतर गप्पा होतात, आणि 'कॅटलॉग पाठवायचा', 'पुढच्या आठवड्यात फोन' हे लगेच टिपून ठेवता येतं. नुसत्या स्कॅनरने जमवलेली 400 नावांची यादी हातात आली की त्यातलं गिऱ्हाईक कोणतं आणि पेन-पिशवी न्यायला आलेलं कोण, ते कळायला मार्ग नसतो.

आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचल्या जाणाऱ्या टॅगचं, विचाराल तर त्यात बॅज पुढे करावाच लागत नाही, पण टॅगचा खर्च माणशी वाढतो आणि अंगाला चिकटलेला टॅग नीट वाचला जात नाही. मोठ्या कार्यक्रमालाच ते परवडतं. आपण बारकोडपुरतं बोलू.

बॅज आधी, स्कॅनर मग

लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही आणि फोनच्या पडद्यावरचा कोडही बहुधा वाचत नाही. पाहुणे ई-बॅज दाखवणार असतील तर कॅमेऱ्यासारखं कोडचं चित्र टिपणारा इमेजरच घ्या. क्यूआरमध्ये काय भरायचं हेही आधीच ठरवा. नाव, कंपनी, फोन, ईमेल असं दोनेकशे अक्षरांचं कार्ड भरलं तर 57 बाय 57 चौकटींचा कोड होतो. 203 डीपीआयच्या (इंचाला 203 ठिपके छापणाऱ्या) लेबल प्रिंटरवर प्रत्येक चौकट अर्ध्या मिलिमीटरची धरली आणि चारी बाजूंना चार चौकटींची कोरी जागा सोडली, तर तो साडेबत्तीस मिलिमीटर खातो. फक्त आठ अक्षरी क्रमांक भरला तर 21 बाय 21 मध्ये काम होतं, जागा साडेचौदा मिलिमीटर. वर सर्वांत वरची, 'एच' पातळीची दुरुस्तीक्षमता मिळते, म्हणजे साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. वाटेत कुणी फोन रोखून पाहुण्याचा नंबर उचलण्याची भीतीही राहत नाही. मात्र मग स्टॉलवरच्या अ‍ॅपला नाव कळायला सर्व्हर किंवा साठवलेली यादी लागते, हे लक्षात ठेवा.

बॅज दोन्ही बाजूंनी छापा. लॅनयार्डवर, म्हणजे गळ्यातल्या पट्टीवर, तो उलटतोच.

तर गेटला यादी साठवणारं हँडहेल्ड, चर्चासत्रांना मेमरी स्कॅनर, स्टॉलना मोबाइल. बजेटमध्ये एकच प्रकार बसत असेल तर एसपीपीवाला ब्लूटूथ इमेजर, आणि यादी टॅबलेटमध्ये. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा, वायफाय बंद करा, 20 बॅज स्कॅन करा, त्यातला एक मुद्दाम दोनदा. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, वायफाय द्या आणि सर्व्हरवरचा आकडा बघा. 20 वेगळे बॅज आणि एक दुबार नोंद दिसली तर भावाची बोलणी सुरू करायला हरकत नाही.