बँकॉकमध्ये ‘आज राजवाडा बंद आहे’ असं कुणी सांगितलं, तर सावधान!

बँकॉकला जाणार असाल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा: ग्रँड पॅलेस हा तिथला राजवाडा रोज सकाळी ८:३० ला उघडतो आणि दुपारी ३:३० पर्यंत तिकीट मिळतं. राजघराण्याचा काही समारंभ असला तरच अपवाद. बंद आहे की उघडा, हे तिकीट खिडकीपर्यंत चालत जाऊनच बघायचं. वाटेत कुणाचं ऐकायचं नाही.

आम्हाला राजवाड्याच्या भिंतीलगतच एका गृहस्थांनी गाठलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, बोलणं एकदम अदबशीर. म्हणाले, आत पूजा चालू आहे, परदेशी लोकांना एक वाजेपर्यंत प्रवेश नाही. आमच्याच नकाशावर त्यांनी तीन देवळांभोवती गोल काढून दिले आणि टुकटुकही (तीनचाकी रिक्षा) थांबवून दिली. तिन्ही ठिकाणं मिळून भाडं २० बाथ (थायलंडचं चलन)! एवढ्यात तिथे कुणी चाकही हलवत नाही, पण नव्या माणसाला ते कुठून कळणार? उरलेले पैसे टुकटुकवाल्याला रत्नांच्या दुकानाकडून मिळतात.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या देवळात चिटपाखरूही नव्हतं, फक्त एक ‘शिक्षक’ निवांत बसलेले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि बोलता बोलता ते म्हणाले, रत्नांवरच्या सरकारी करमाफीचा आज शेवटचा दिवस, मीही मागे खडे नेऊन परदेशात दामदुपटीने विकले. नंतर टुकटुकवाल्यानेही तीच करमाफी सांगून रत्नांचं दुकान सुचवलं. एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटणारी माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा शंका घ्यायची कशी? साखळी जुळवलेलीच असते.

दुकानात गारेगार एसी, चहा, दिव्याखाली काळपट निळे नीलम. आम्ही दोन घेतले, १८,००० बाथ, कार्डावर. विक्रेत्याने ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सीलबंद केले आणि बजावलं, सील फुटलं तर प्रमाणपत्र रद्द. हे सील खड्यांच्या सुरक्षेसाठी नसतं हो! देश सोडेपर्यंत तुम्ही ते दुसऱ्या सराफाला दाखवू नयेत, एवढ्यासाठीच ते असतं. खडे बहुतेकदा खरेच असतात, फक्त हलक्या प्रतीचे आणि अव्वाच्या सव्वा भावाचे. त्यामुळे ‘नकली माल दिला’ अशी तक्रारही टिकत नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने ते पाकीट बघितलं आणि काही न विचारताच ११५५ लावला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, तिथे इंग्रजीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांसोबत दुकानात गेलो. तासभर हुज्जत घातल्यावर तीस टक्के कापून बाकीचे पैसे परत मिळाले. पावती आणि सील शाबूत असलेलं पाकीट हातात होतं म्हणून तेवढं तरी जमलं. ‘सामान जड होईल, आम्हीच पोस्टाने घरी पाठवतो’ असंही तिथे सुचवतात. त्याला साफ नकार द्या, नाहीतर परत करायला तुमच्याकडे काही उरतच नाही.