वर्डप्रेस 5.5 नंतरचं आर्ग्स: थीमवाल्यांनो, वापराच
वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) क्लासिक थीम, म्हणजे पीएचपी फाइल्सची थीम, बनवत असाल तर गेट टेम्प्लेट पार्ट (get_template_part, पानाचा एखादा तुकडा वेगळ्या फाइलमधून आणणारं फंक्शन) याचा तिसरा पॅरामीटर, म्हणजे आर्ग्स, वापराच, खरंच. ऑगस्ट 2020 मध्ये 5.5 व्हर्जनला आला, त्याआधी एकच कार्ड (बातमीचा चौकोन) दोन-तीन ठिकाणी वेगळ्या हेडिंगने दाखवायचं म्हणजे सेट क्वेरी व्हार (set_query_var) फंक्शन नाहीतर ग्लोबल व्हेरिएबल, मग ती व्हॅल्यू पुढच्या कार्डलाही चिकटून राहायची आणि जुनंच हेडिंग कुठून येतंय ते शोधत बसा. आता अ‍ॅरे (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांची यादी) द्यायचा, पार्टच्या फाइलमध्ये तो आर्ग्स नावाने मिळतो, त्या कॉलपुरताच, विषय संपला. होमपेजवर हेडिंग ‘ताज्या बातम्या’ आणि फोटो हवा, साइडबारमध्ये तेच कार्ड पण फोटो नको, तरी फाइल एकच! गेट हेडर, गेट फुटरलाही चालतं. फक्त अ‍ॅरेतली एखादी ‘की’ (key, म्हणजे जोडीतलं नाव) पाठवली नाही तर पीएचपी वॉर्निंग देतं, म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच डब्ल्यूपी पार्स आर्ग्स (wp_parse_args) फंक्शनने डिफॉल्ट लावून घ्या. आणि गेट टेम्प्लेट पार्टचा दुसरा पॅरामीटर लागत नसेल तर तिथे नल (null) टाका, नाहीतर अ‍ॅरे भलत्याच जागी जातो. ब्लॉक थीमच्या (पीएचपीऐवजी एचटीएमएल फाइल्सवर चालणाऱ्या नव्या थीम) एचटीएमएल पार्टला मात्र असे आर्ग्स देता येत नाहीत, ते मला फार खटकतं.