ग्वांगझूत आठ महिने च्युंग फन खाल्ल्यावर लिहितोय (जरा लांबलंय)

मी इचलकरंजीचा, धंदा कापडाचा, आणि सप्टेंबरपासून चीनमध्ये ग्वांगझूला आहे. जोंगदा कापड मार्केटच्या जवळ लूजियांगच्या गल्लीत खोली घेतलीय. गल्ली म्हणजे कशी तर समोरासमोरच्या बिल्डिंगवाल्यांनी खिडकीतनं हात काढला तर एकमेकांना टाळी देतील, आणि खाली दिवसभर शिलाई मशीनची घरघर, त्यामुळं मला झोप मस्त लागते, आपण मागाच्या खटखटीत वाढलेली माणसं. खोलीच्या खालीच एक च्युंग फनचं दुकान आहे, नवरा-बायको चालवतात, चार टेबलं आणि प्लास्टिकची स्टुलं. आठवड्यातनं चार-पाच सकाळी तरी मी तिथं असतो, म्हणजे शंभराच्या वर प्लेटी झाल्या असतील, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

च्युंग फन म्हणजे काय ते आधी. च्युंग म्हणजे आतडं. घाबरू नका, आत आतडं बितडं काही नसतं, गुंडाळी तशी दिसते म्हणून नाव पडलं. तांदूळ भिजवून पाणी घालून दळायचा, ते पातळ दुधासारखं पीठ स्टीलच्या पसरट ट्रेमध्ये एक पळी ओतून हलवून पसरायचं, वर अंडं फोडून फिरवायचं, सॅलडचं पान टाकायचं, आणि ट्रे वाफेच्या कपाटात ढकलायचा. कपाट म्हणजे अक्षरशः ड्रॉवरचं कपाट, एक आत गेला की दुसरा बाहेर. मिनिट-दीड मिनिटात पापुद्रा फुगतो, मग पत्र्याच्या पट्टीनं खरवडून गोळा करायचा, दोन-तीन तुकडे, वरनं सोया सॉसचं पाणी. संपलं. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली "अरे या तर सालपापड्या, वाळवायच्या राहिल्यात यांच्या!" आणि खरंच तेच आहे. लहानपणी उन्हाळ्यात पापड्या वाळत घालायच्या आधी आम्ही ओल्याच पळवायचो आणि पाठीत धपाटा खायचो, इथं त्याच ओल्या पापडीचे आठ युआन देतो, म्हणजे शंभराच्या आसपास रुपये.

चव? पहिला महिना मला काहीच कळलं नाही. मिळमिळीत. मी खिशात कांदा-लसूण मसाल्याची पुडी घेऊन जायचो आणि भुरभुरायचो, मालकीणबाई लांबनं बघायची, एकदा तिनं बोट लावून चाखला आणि नंतर बराच वेळ पाणी पीत होती. टेबलावर त्यांची मिरचीची बाटली असते पण ती आंबटगोड, आपल्या कामाची नाही. साधारण दिवाळीनंतर कधीतरी पुडी खोलीवर विसरली आणि तेव्हा लक्षात आलं की सगळी मजा सॉसमध्ये आहे. नुसता बाटलीतला सोया नाही तो, पाणी, साखर घालून उकळलेला असतो, वर तेल, प्रत्येक दुकानाचा वेगळा, माणसं सॉसवरनं दुकान ठरवतात. आणि पापुद्र्याचा पोत. पातळ पाहिजे, गुळगुळीत पाहिजे, पण दातात चिकटता कामा नये. त्यासाठी तांदूळ जुना लागतो, नव्याचा गिच्च होतो, शिवाय ताण यावा म्हणून थोडा स्टार्च मिसळतात. नुसत्या तांदळाचा तुटतो, जास्त स्टार्च घातला तर रबर. आमच्या दुकानाचा दहातनं आठ दिवस बरोबर जमतो, उरलेले दोन दिवस नवरा ट्रेवर असतो.

ड्रॉवरवाला प्रकार चुरगळलेला दिसतो. दुसरा कापडावरचा असतो, वाफेवर पांढरं कापड पसरून त्यावर पीठ, मग कापड उलटं करून तेल लावलेल्या टेबलावर सोलून काढतात. तो जास्त तलम. कापडवाला माणूस म्हणून मला हाच आवडायला पाहिजे पण मला चुरगळलेलाच आवडतो, सॉस घड्यांत साचतो. हॉटेलात चहाबरोबर लाल तांदळाचा मिळतो, आत कोळंबी आणि कुरकुरीत जाळी, भारी लागतो पण बिलही तसंच. हाँगकाँगला गेलो होतो (हायस्पीड ट्रेननं तासाभराचं काम), तिथं रस्त्यावर नुसत्या पांढऱ्या घट्ट गुंडाळ्या कात्रीनं कापून वर गोड सॉस, तिळाचा सॉस, तीळ टाकून बांबूच्या काडीनं खातात. तो पहिल्याच घासाला आवडला, मिळमिळीत वाटणाऱ्यांनी तिथनं सुरुवात करावी.

आता तक्रारी. ताटली धुवायला लागू नये म्हणून ताटलीवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि त्यावर वाफाळतं च्युंग फन. मला ते बघवत नाही, मी आता स्वतःचा स्टीलचा डबा देतो, त्यावर हसतात, हसू देत. पार्सल अजिबात घेऊ नका, दहा मिनिटांत त्याचा एक गोळा होतो. चिनी नवीन वर्षाला दुकानवाले गावाला गेले ते तीन आठवडे कुलूप, तेव्हा शेजारच्या हूबेवाल्यांच्या (हूबे हा चीनचाच एक प्रांत) कोरड्या नूडल्सवर दिवस काढले, या गल्ल्यांत शिवणकामवाले बरेचसे हूबेचेच. परत आले ते एक युआन वाढवूनच.

शाकाहारी लोकांसाठी नीट सांगतो कारण मार्केटला येणारे बरेच विचारतात. बिनसारणाच्याला जाय च्युंग म्हणतात, जाय म्हणजे शाकाहारी, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही ठिकाणी डुकराची चरबी लावतात, सॉसमध्ये काय असेल सांगता येत नाही, आणि ट्रे, पट्टी सगळ्यांना तीच. कडक शाकाहारी असाल तर सोडा. अंडं चालत असेल तर "जीदान, बू याव रोऊ" म्हणायचं, म्हणजे अंडं, मांस नको. मी पोर्क खात नाही, तरी दोनदा खिमा आलाच, गर्दीत मालकीणबाईच्या हाताला सवय.

सकाळी साडेसातच्या आत जा, नंतर मोकळं टेबल मिळत नाही आणि अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. बाकी मालकीण प्रत्येक गिऱ्हाइकाला "लेंगजाय" म्हणते, म्हणजे देखणा पोरगा. माझं वय त्रेचाळीस, टक्कल पडलंय. आठ युआनमध्ये हे पण येतं.