पावती निघेना तेव्हाचा प्रश्न: डेव्हऑप्सच्या एका फुकट प्रश्नसंचाबद्दल

रावेरच्या बाजूला एका केळी व्यापाऱ्याकडे मी कॉम्प्युटरचं सगळं बघते. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांचा हिशोब, गाडीभाडं आणि हे सगळं ज्याच्यावर चालतं तो ऑफिसातला लिनक्स सर्व्हर. बीएस्सी कॉम्प्युटर झालं, पण सर्व्हर सांभाळायला कुणी शिकवलं नव्हतं. जे अडलं ते नेटवर शोधायचं, असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये, ऐन कटाईच्या दिवसांत, सकाळी पावती निघेना. स्क्रीनवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. मी 'डीएफ -एच' ही डिस्कची जागा दाखवणारी कमांड मारून बघितलं, तर निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी. जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदींच्या फाइली, उडवले. चार पावत्या निघाल्या आणि पुन्हा तेच. बाहेर तीन गाड्या उभ्या. घड एकदा कापला की केळी कुणासाठी थांबत नाही. शेठ दर दहा मिनिटांनी दारात येऊन "ताई, झालं का?" एवढंच विचारायचे. शेवटी जळगावच्या एकाने बाहेरून सर्व्हरमध्ये शिरून दहा मिनिटांत चालू करून दिलं. काय केलं ते सांगितलं नाही, आणि मला विचारायची लाज वाटली.

त्यानंतर मी एका ऑनलाइन क्लासला ३५ हजार रुपये भरले. तिथे मिळालं काय, तर दीडशे प्रश्नोत्तरांची पीडीएफ. 'कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीनमधला फरक सांगा', खाली पाच ओळी, पाठ करा. मी पाठ केलंही. पण माझा सर्व्हर का अडला होता ते त्या दीडशेत कुठेच नव्हतं.

मग गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या-वाटायच्या साइटवरचा 'डेव्हऑप्स एक्सरसाइजेस' हा संच हाताला लागला. डेव्हऑप्स म्हणजे सॉफ्टवेअर बनवणं आणि ते सर्व्हरवर चालतं ठेवणं, दोन्ही एकत्र सांभाळायचं काम. पैसे नाहीत, नोंदणी नाही. अडीच हजारांहून जास्त प्रश्न आणि सराव आहेत, विषयवार लावलेले: लिनक्स, नेटवर्क, गिट, डॉकर, कुबरनेटीस, अन्सिबल, टेराफॉर्म, जेनकिन्स, प्रोमिथियस, एडब्ल्यूएस आणि अजून बरंच. प्रश्न दिसतो, उत्तर त्याच्याखाली मिटलेलं असतं, क्लिक केलं की उघडतं. सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय की मुलाखतीच्या तयारीला वापरा, पण यातले बहुतेक प्रश्न खऱ्या मुलाखतीत विचारतात तसे नाहीत. ते वाचून मला बरं वाटलं. मला नोकरी बदलायची नव्हती, आहे तो सर्व्हर समजून घ्यायचा होता.

लिनक्सच्या भागात एके रात्री हा प्रश्न आला: नवी फाइल बनवताना डिस्क भरल्याचा मेसेज येतो, 'डीएफ' मात्र सांगतं की फक्त २० टक्के जागा वापरलीय. काय झालं असेल? मी खुर्चीत सरळ झाले. ही तर माझी जूनची सकाळ होती.

उत्तर एका शब्दाचं आहे, आयनोड. प्रत्येक फाइलची नोंद एका आयनोडमध्ये असते: मालक कोण, परवानग्या काय, मजकूर डिस्कवर कुठे ठेवलाय. एक्स्ट-फोरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्कवर फाइली मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत, अशा नोंदी किती असणार ते डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. पावतीपुस्तकासारखंच आहे. १०० पावत्यांचं पुस्तक संपलं की प्रत्येक पावतीवर कितीही कोरा कागद उरलेला असो, १०१वी पावती फाडता येत नाही. छोट्या छोट्या फाइली लाखोंनी साचल्या की जागा असूनही नोंद उरत नाही. आणि लॉग उडवल्यावर चारच पावत्या का निघाल्या, तेही तेव्हाच कळलं. तेवढ्याच नोंदी मोकळ्या झाल्या होत्या.

वाचून सोडलं असतं तर मी महिन्याभरात विसरले असते. म्हणून घरच्या लॅपटॉपवर तीच अडचण मुद्दाम उभी केली. 'डीडी'ने ५० एमबीची एक रिकामी फाइल केली, तिच्यावर 'एमकेएफएस'ने एक्स्ट-फोर घातलं आणि '-एन' (कॅपिटल) देऊन आयनोड मोजकेच ठेवायला सांगितले. ती वेगळी डिस्क असल्यासारखी जोडली (लूप माउंट) आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणारा एक फॉर लूप लावून 'टच'ने रिकाम्या फाइली बनवत गेले. थोड्याच वेळात तोच मेसेज, तीच अक्षरं. 'डीएफ -एच' म्हणतंय जागा आहे, आयनोड मोजणारं 'डीएफ -आय' म्हणतंय १०० टक्के. त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'डीएफ -आय' मारलं तर ८७ टक्के. प्रत्येक पावतीमागे आमचा प्रोग्राम एक तात्पुरती फाइल टाकत होता आणि ती कधीच पुसत नव्हता. आता क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीत, रोज रात्री सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली जातात, आणि आयनोड ८० टक्क्यांवर गेले की मला मेल येतो. यंदाच्या सीझनमध्ये काटा एकदाही अडला नाही.

काही प्रश्नांखाली उत्तर उघडलं तर आत काहीच नसतं. मला त्यांचा फायदाच जास्त झाला. 'मॅन' पान, म्हणजे लिनक्समधलीच त्या कमांडची माहिती, वाचावं लागतं, करून बघावं लागतं, आणि मग स्वतःच्या वहीत स्वतःच्या मराठीत लिहावं लागतं. हार्ड लिंक आणि सॉफ्ट लिंकमधला फरक मी तसाच लिहिलाय: हार्ड लिंक म्हणजे एकाच आयनोडला दोन नावं, सॉफ्ट लिंक म्हणजे दुसऱ्या नावाकडे दाखवणारी पाटी. मूळ नाव पुसलं की पाटी उरते, पण ती कुठेच पोचवत नाही. सगळं इंग्रजीत आहे, तरी वाक्यं छोटी असल्याने अडत नाही.

धुळ्याचा मामेभाऊ सुट्टीत आला होता, पुण्यात नोकरी शोधतोय. तो माझ्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, उत्तर तठेच खाले शे ना, मंग इतला टाइम कसाले?" मी त्याला डॉकर दिलं, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवायचं साधन. ६४ एमबी मेमरीची मर्यादा घालून एक कंटेनर चालवायला लावला, आत पायथनने एक यादी वाढवत न्यायची. कंटेनर मेला, एक्झिट कोड १३७. का, ते त्याने कागदावर मांडलं: १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, प्रोग्रामला जबरदस्तीने मारणारा सिग्नल. मेमरी संपली म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मारलं. पुढचे तीन प्रश्न त्याने उत्तर न उघडता सोडवले.

एडब्ल्यूएसचा, म्हणजे अमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांचा, भाग मी बाजूला ठेवलाय. तिथल्या सरावांना खातं आणि कार्ड लागतं, आणि एखादी गोष्ट चालू राहून बिल येईल याची मला धास्ती वाटते. बरेच कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या कुबरनेटीससाठी माझा लॅपटॉप कमी पडतो. ते घरच्या एका कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या मिनिक्यूबलाच किमान दोन सीपीयू आणि दोन जीबी मोकळी मेमरी हवी, आणि माझ्याकडे एकूण चार जीबी. ब्राउझरमध्ये फुकट चालणारं किलरकोडा वापरते, पण मध्येच लाइट गेली की मांडलेलं सगळं जातं. तरी पॉडचे (कुबरनेटीस कंटेनर ज्यात ठेवतं तो सगळ्यात छोटा गट) पहिले सराव तिथेच केले.

ज्यांना आठ दिवसांत मुलाखत द्यायचीय त्यांना हा संच समुद्रासारखा वाटेल, त्यांनी लिनक्स आणि आपल्या कामाचा एकच विषय घ्यावा. ज्यांच्या हातात एखादा सर्व्हर आहे, सोसायटीचा असो, जिनिंगचा असो की कॉलेजचा, त्यांनी लिनक्सपासूनच सुरू करावं, रोज तीन प्रश्न, वही जवळ ठेवून. माझी पहिली वही भरली, दुसरीत गिट संपून अन्सिबल चालू आहे. दिवाळीत लॅपटॉपला आठ जीबी रॅम टाकायचीय, पैसे शेठ देणार आहेत, त्यांनी स्वतःहून विचारलं.