विंडोजवर सी++ कंपाइल करताना : बिल्ड टूल्स, एमएसवायएस२ की डब्ल्यूएसएल?

विंडोजवर सी किंवा सी++ मधील प्रकल्प कमांड लाइनवरून कंपाइल करायचा म्हटले, की तीन मार्ग समोर येतात : मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स, एमएसवायएस२ (विंडोजवर युनिक्सची साधने पुरवणारा संच) मधील जीसीसी हा मुक्त स्रोत कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारे लिनक्स. बरेच जण यांपैकी जे आधी चालले ते ठेवून घेतात. हा निकष पुढे महागात पडतो. तयार होणारा प्रोग्राम कुठे चालणार आहे आणि तो ज्या लायब्ररींशी (आधीच तयार असलेल्या कोडच्या संचांशी) जोडायचा आहे त्या कोणत्या कंपायलरने तयार केल्या आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली, तर निवडीचा बराचसा घोळ तिथेच मिटतो.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व उशिरा कळते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनलेली सी++ लायब्ररी जीसीसीने कंपाइल केलेल्या कोडशी जोडता येत नाही, कारण फंक्शनांची अंतर्गत नावे तयार करण्याची दोघांची पद्धतच वेगळी आहे. साध्या सी फंक्शनांपुरते मात्र सहसा जमून जाते. त्यामुळे एखाद्या उत्पादकाने आपल्या उपकरणासाठी फक्त मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनवलेली सी++ लायब्ररी दिली असेल, तर बिल्ड टूल्स घेण्यावाचून गत्यंतर नाही. पायथनची जी पॅकेजेस इन्स्टॉल होतानाच कंपाइल होतात त्यांनाही, आणि विंडोजवरील रस्ट या भाषेच्या नेहमीच्या मांडणीलाही, हीच साधने लागतात.

बिल्ड टूल्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘सी++ वापरून डेस्कटॉप डेव्हलपमेंट’ हा गट निवडावा लागतो. त्यात कंपायलर, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणारा प्रोग्राम) आणि विंडोज एसडीके (विंडोजसाठी लागणारी हेडर आणि लायब्ररी) येतात. डिस्कवर काही जीबी जागा मोकळी हवी. इथली नेहमीची गफलत अशी, की पायथन ‘व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढील आवृत्ती हवी’ असे सांगते आणि माणूस रीडिस्ट्रिब्युटेबल इन्स्टॉल करतो. ते फक्त तयार प्रोग्राम चालवण्यासाठी असते, त्यात कंपायलर नसतोच. दुसरी तक्रार म्हणजे सगळे नीट इन्स्टॉल होऊनही ‘सीएल’ ही कंपायलरची कमांड सापडत नाही. याला बिघाड म्हणता येणार नाही. हा कंपायलर नेहमीच्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) टाकलेला नसतो, म्हणून स्टार्ट मेनूमधून ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’ हा कमांड प्रॉम्प्ट उघडावा लागतो, जो पाथसोबत हेडर आणि लायब्ररींची ठिकाणेही ठरवून देतो. चुकून एक्स८६ चा प्रॉम्प्ट उघडला आणि जोडायची लायब्ररी ६४ बिटची असली, तर लिंकर एलएनके १११२ हा दोष दाखवतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. गिट बॅशमध्ये (गिटसोबत येणाऱ्या युनिक्स पद्धतीच्या शेलमध्ये) बिल्ड चालवले, तर लिंकर अचानक ‘एक्स्ट्रा ऑपरँड’ अशी असंबद्ध तक्रार करतो. कारण त्या शेलमध्ये ‘लिंक’ नावाचा युनिक्सचा एक छोटा प्रोग्रामही असतो, जो केवळ फाइलला दुसरे नाव जोडून देतो, आणि पाथमध्ये तो आधी आल्यास खऱ्या लिंकरऐवजी तोच चालतो. अशा वेळी विंडोजच्या प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर’ किंवा बॅशमध्ये ‘टाइप’ ही कमांड ‘-ए’ पर्यायासह चालवून त्या नावाचे किती प्रोग्राम आहेत आणि पहिला कोणता, हे पाहावे. पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे एवढे तपासावेच, असे मी आग्रहाने सांगेन.

मेकफाइल आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट (युनिक्सवर बिल्डच्या पायऱ्या ठरवणाऱ्या फाइल) यांवर उभा असलेला मुक्त स्रोत प्रकल्प विंडोजसाठीच बनवायचा असेल, तर एमएसवायएस२ अधिक सोयीचे आहे. पॅकमॅन या पॅकेज मॅनेजरमुळे कंपायलर आणि लागणाऱ्या लायब्ररी एकाच ठिकाणाहून, परस्परांशी जुळणाऱ्या मिळतात. मात्र यात एकाहून अधिक वातावरणे आहेत आणि नवख्यांची चूक तिथेच होते. यूसीआरटी६४ हे वातावरण निवडावे आणि त्याच्याच नावाची पॅकेजेस घ्यावीत. नुसते ‘जीसीसी’ हे पॅकेज घेतले, तर तयार होणारा प्रोग्राम एमएसवायएसच्या स्वतःच्या डीएलएलवर (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या लायब्ररी फाइलवर) अवलंबून राहतो. योग्य वातावरणात बनलेला प्रोग्रामही दुसऱ्या संगणकावर ‘लिबएसटीडीसी++-६’ ही डीएलएल मागू शकतो. ती सोबत द्यावी किंवा लिंक करताना ‘-स्टॅटिक’ हा पर्याय द्यावा.

प्रोग्राम शेवटी लिनक्स सर्व्हरवरच चालणार असेल, तर डब्ल्यूएसएल घ्यावे. उबुंटूमध्ये ‘बिल्ड-इसेन्शियल’ या एका पॅकेजात जीसीसी, जी++ आणि मेक येतात, आणि हेडर सापडत नाही असा दोष आला तर त्या लायब्ररीचे ‘-डेव्ह’ने संपणारे पॅकेज बहुधा राहिलेले असते. सोर्स कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा, अन्यथा डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत बिल्ड फारच रेंगाळते. इथे तयार होणारी फाइल लिनक्सची असते. ती विंडोजच्या ग्राहकाला देता येणार नाही, आणि ज्याला विंडोजचा प्रोग्राम हवा आहे त्याने केवळ सोपे वाटले म्हणून हा मार्ग धरू नये.

एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना सीमेक या बिल्डची मांडणी करून देणाऱ्या साधनाचा जुना बिल्ड फोल्डर पूर्ण काढून टाकावा. पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर सीमेक आपल्या कॅश फाइलमध्ये नोंदवून ठेवते, त्यामुळे पाथ कितीही सुधारला तरी त्या फोल्डरात ते जुन्याच कंपायलरकडे जात राहते.