संगतीसाठी दोन ओळींची साधी पेटी: गळ्यामागे किती चटकन धावते?

ख्यालात पेटी गळ्याच्या मागून चालते. आलाप थांबला की त्याचं शेपूट हलक्या हाताने वाजवायचं, ताना सुरू झाल्या की कानावर पडेल तसा पाठलाग करायचा. ऐकून वाजवायला क्षणभर लागतोच. त्यात पेटीने आपला उशीर घातला तर एकच तान श्रोत्यांना दोनदा ऐकू येते. म्हणून संगतीला आमची पसंती खर्ज-नर अशा दोन ओळींच्या (ओळ म्हणजे सूर देणाऱ्या रीडची रांग; खर्ज खालच्या सप्तकाची, नर त्यावरची), ४२ पट्ट्यांच्या, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून षड्ज बदलायची सोय) नसलेल्या पेटीला.

दुकानात आवाज किती मोठा येतो हे शेवटी बघा. आधी भाता अगदी कमी हवेवर ठेवून मंद्र सा दाबा. नर सूर लगेच बोलला आणि खर्ज मागून आला, तर बहुधा खर्जाच्या रीडची पितळी जीभ खाचेपासून जास्त उचललेली आहे. ती फार खाली बसली असेल तर उलटं होतं: हवा जोरात दिली की सूर गुदमरतो. दोन्ही दोष कारागीर तिथल्या तिथे काढून देतो, तेव्हा पैसे देण्याआधीच सांगा.

मग भाता पूर्ण भरा, हात काढा आणि मध्य सप्तकातली एकच पट्टी दाबून धरा. पंधरा सेकंदांच्या आत सूर विझला तर हवा गळते आहे. पट्टीखालचं चामडं नीट बसत नसेल तर न दाबलेला सूरही बारीक कण्हत राहतो. तानेत तो झाकला जातो, विलंबितात मात्र उघडा पडतो.

स्केल चेंजरमुळे कुठल्याही गायकाला त्याच बोटांनी साथ करता येते, ही सोय खरी. पण पेटी जड होते, सरकत्या भागांमुळे हवा गळायच्या जागा वाढतात आणि पट्टी सरकवली तरी खालचे रीड तेच राहतात. कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी जोडणी, तर संगतीत बंदच ठेवा. त्याने पट्ट्या जड होतात आणि द्रुत तानेत बोटं मागे पडतात.

सर्वांत नाजूक जागा गांधाराची. समस्वरी जुळणीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या) शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा) चढा असतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यासोबत यमनाचा 'नि रे ग' घेऊन गांधारावर थांबा: दोन सूर न जुळल्याने आवाजात सेकंदाला पाच-सहा लहरी स्पष्ट ऐकू येतील. एकाच गायकाबरोबर बसणार असाल तर त्याच्या षड्जावरून गांधार उतरवून घ्या. अनेकांबरोबर बसणार असाल तर जुळणी समस्वरीच राहू द्या आणि गायक गांधारावर स्थिरावला की पट्टी सोडून द्या.